म्हणीचा उगम तपासायचा कसा: संक्रांत, गंगू तेली आणि माझी एक चूक

आठ वर्षांपूर्वी एका दिनदर्शिकेच्या जानेवारीच्या पानामागे माझ्या हातून एक खोटी गोष्ट छापून गेली. ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार पानिपतावरून आला, कारण १४ जानेवारी १७६१ ला ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठी फौजेवर आकाश कोसळलं, असा तो मजकूर. मी मुद्रितशोधक. ऱ्हस्वदीर्घ तपासले, अवतरणचिन्हं तपासली, १७६१ चा १७१६ झालेला तेवढा दुरुस्त केला. मजकूर खरा आहे का, हे बघायचं डोक्यातच आलं नाही. मलाही शाळेत असंच सांगितलेलं होतं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले एक आजोबा छापखान्यात आले. दिनदर्शिका गुंडाळून हातात आणि काखेत सुतळीनं बांधलेला जुन्या पंचांगांचा गठ्ठा.

“हे कुणी लिवलंय?”

“लिहिलंय दुसऱ्यानं, तपासलंय मी.”

“मग त्या साली संक्रांत कवा हुती, ते बगितलंसा काय?”

नव्हतं बघितलं. पुढचा तासभर त्यांनी काय शिकवलं ते खाली येईलच. त्या दिवसापासून म्हणींच्या उगमाची गोष्ट दिसली की मी ती एका ठरावीक रीतीनं तपासतो. तीच रीत इथं मांडतो. मोठं शिक्षण लागत नाही. ग्रंथालयाचं कार्ड, मोबाइल आणि थोडी चिकाटी पुरते.

आधी म्हण जशी ऐकली तशी लिहून काढा

हे सगळ्यांना फालतू वाटतं आणि इथंच निम्मे लोक घसरतात. म्हण पुस्तकी करून लिहू नका. ज्यानं म्हटली त्याच्या तोंडची लिहा आणि खाली तीन गोष्टी टिपा: कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, कुठलं माणूस. मी त्यासाठी लग्नपत्रिकांची उरलेली कोरी कार्डं वापरतो. छापखान्यात ती कायम पडलेली असतात आणि वहीसारखी चाळत बसावी लागत नाहीत. एका म्हणीची जितकी रूपं, तितकी कार्डं.

रूपं का जमवायची? ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ घ्या. तीच म्हण ‘अडला नारायण’ अशीही ऐकू येते. उगमाची गोष्ट अशी सांगतात: देवकीला मूल झालं की कंसाचं गाढव ओरडून पहाऱ्याला जागं करायचं, म्हणून कृष्णजन्माच्या रात्री वसुदेवानं त्या गाढवाचे पाय धरले. गोष्ट झकास आहे. पण पाय धरले वसुदेवानं आणि म्हणीत आहे हरी, म्हणजे त्या रात्री जन्मलेलं बाळ! तेलुगूत मात्र ‘वसुदेवासारख्यानंसुद्धा गाढवाचे पाय धरले’ अशीच म्हण आहे, तिथं नाव बरोबर बसतं. मग मराठीत हरी कुठून आला? ‘धरी’ला जुळणारा म्हणून आला असावा, असं माझं मत. किंवा तो देव नसेलच, गल्लीतला कुणी हरी असेल. दोन कार्डं शेजारी ठेवली तेव्हा हा प्रश्न पडला. एकच कार्ड असतं तर मीही वसुदेवाची गोष्ट सांगत फिरलो असतो.

शेजारच्या भाषेत डोकावण्याचा फायदाही यातच दिसतो. आपल्याला तर तो कष्टाचा नाही. कोल्हापुरात कानडी बोलणारं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. निपाणी-संकेश्वरकडचा एखादा तरी ओळखीत असतोच. त्याला फक्त विचारायचं: तुमच्यात असं काही म्हणतात का? हो म्हणाला तर शब्दश: अर्थ विचारून घ्यायचा. म्हण तीन भाषांत असेल, तर ती पुण्यातल्या अमुक वाड्यात जन्मली हा दावा आपोआप पातळ होतो.

दाव्याचे तुकडे करा

उगमाची गोष्ट अख्खी गिळायची नाही. तिचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा पुरावा मागायचा.

‘ध चा मा करणे’ यावर हात साफ करून बघा. नारायणराव पेशव्यांचा खून झाला का? झाला. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी. यात वाद नाही. रघुनाथरावांवर दोष आला का? आला. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना दोषी धरलं. आता पुढचे तुकडे. ‘नारायणरावास धरावे’ असा लेखी हुकूम होता का? त्यात ‘ध’ खोडून ‘मा’ केला का? आणि केला तो आनंदीबाईंनीच का? वाक्प्रचार उभा आहे तो या शेवटच्या तीन तुकड्यांवर, आणि ते पत्र कुठल्या दफ्तरात बोट ठेवून दाखवता येत नाही. घटना पक्की असली की तिच्या अंगावर चढवलेली गोष्टही लोक पक्की धरतात. खून खरा, म्हणून खाडाखोडही खरी.

इथं आणखी एक घरगुती परीक्षा आहे. मोडी येणारं माणूस कोल्हापुरात अजून मिळतं. त्याला ‘धरावे’ आणि ‘मारावे’ दोन्ही मोडीत लिहायला सांगा. मोडीत आधी लांबच लांब रेघ ओढतात आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं जोडत जातात. तशा ओळीत मधलंच एक अक्षर गुपचूप बदलायला किती जागा मिळते, ते आपल्या डोळ्यांनी बघा. मी बघितलं तेव्हापासून खाडाखोडीच्या गोष्टीवरचा माझा विश्वास बराच उतरलाय. पण माझं सोडा, तुम्ही बघा.

जुन्यात जुनी नोंद गाठा

आता बसून करायचं काम. मराठीसाठी तीन ठिकाणं आधी बघायची.

पहिलं, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७. शब्दाखाली म्हणी आणि वाक्प्रचारही दिलेले असतात. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो. दुसरं, मॅन्वारिंग या मिशनरी गृहस्थांनी जमवलेला मराठी म्हणींचा संग्रह, १८९९ चा. तिसरं, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. १९३२ पासून खंड निघत गेले. त्याच मंडळींचा वाक्संप्रदाय कोश पुढं चाळीसच्या दशकात आला. वाक्प्रचारांसाठी तो हाताशी हवाच.

मोबाइलवर भागलं नाही तर ग्रंथालय गाठा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, शिवाजी विद्यापीठात बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. काउंटरवर जाऊन ‘म्हणींचं पुस्तक द्या’ म्हणू नका, शालेय निबंधमाला हातात येईल. कोशाचं नाव आणि खंड सांगून मागा. पान सापडलं की त्या पानाचा आणि आतल्या मुखपृष्ठाचा, असे दोन फोटो काढा. दुसरा फोटो आवृत्तीसाठी. १८५७ आणि पुढचं पुनर्मुद्रण यांत गोंधळ झाला की सगळा हिशेब फसतो.

शोधताना तीन गोष्टी सांभाळा. एक, जुनं लेखन वेगळं होतं. अनुस्वारांचे नवे नियम १९६२ ला आले. त्याआधीच्या छपाईत ‘नांव’, ‘गांव’, ‘कोठें’, ‘पाणी’च्या डोक्यावरही कधी टिंब. आजच्या लेखनानं शोधलं तर समोर असलेली नोंद दिसत नाही. दोन, म्हणीतला दुर्मीळ शब्द पकडा. ‘कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी’ शोधायची तर इंद्र टाकून हजार पानं येतील, ‘तट्टाणी’ टाका. तीन, स्कॅन केलेल्या पुस्तकांत यंत्रानं वाचलेलं देवनागरी भयंकर असतं. ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’ झालेला असतो. ध चा मा करायला आनंदीबाईच लागते असं नाही.

नोंद सापडली तरी घाई नको. १८५७ च्या कोशात म्हण आहे म्हणजे ती तेव्हा लोकांच्या तोंडी होती, एवढंच सिद्ध होतं. तिचा जन्म त्याआधीचा, पण किती आधीचा ते कोश सांगत नाही. आणि कोशात नाही म्हणजे नव्हतीच, असंही नाही; साहेबाला बायकांच्या जात्यावरच्या म्हणी कोण सांगणार होतं?

वस्तूचं वय विचारा

कोश मिटला तरी म्हणीतली वस्तू बोलते. आमच्या जुन्या घरात मागच्या सोप्यात तांब्याचा बंब होता. मधोमध नळकांडं, खालून विस्तव, बाजूला तोटी. दिवाळीत चिंच-मीठ लावून तो घासायचं काम माझ्याकडं. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ऐकलं की मला तो आंघोळीचा बंबच दिसायचा आणि म्हणीचा अर्थ लागायचा नाही. म्हणीतला बंब विझवायचा, पाणी फेकणारा. दोन्ही बंब पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आलेत, म्हणजे पंप. आता कुणी ही म्हण यादवकाळातली आहे, दोन देवळांच्या वादातून आली, असं सांगू लागला तर एवढंच विचारायचं: यादवांच्या राज्यात बंब होता का?

तसंच ‘नाकाला मिरच्या झोंबणे’. मिरची आपल्याकडं पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. कोल्हापुरात हे पटवणं जड जातं, लोकांना वाटतं तांबड्या रश्श्यासकट अंबाबाईनंच दिली. पण तिखटासाठी त्याआधी मिरी होती. त्यामुळं मिरचीचा वाक्प्रचार कुणा संताच्या तेराव्या शतकातल्या तोंडी घातलेला दिसला की ती गोष्ट तिथंच खोडा.

ही परीक्षा पाडायला चांगली, उभारायला नाही. वस्तू जुनी निघाली म्हणून गोष्ट खरी ठरत नाही.

पंचांग उघडा

आता आजोबांकडं वळू. त्यांनी गठ्ठा सोडला नाही, आधी मलाच विचारलं.

“विवेकानंदांचा जन्म कवाचा?”

“१२ जानेवारी. १८६३.”

“आणि त्या दिवशी काय हुतं?”

संक्रांत होती. विवेकानंदांच्या चरित्रात ही गोष्ट हमखास असते, मी पन्नास वेळा वाचलेली. मकर संक्रांतीला जन्म आणि तारीख १२ जानेवारी, ही दोन वाक्यं शेजारी असूनही मला कधी खटकली नव्हती.

हिशेब असा. आपली संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या मागं सूर्य कुठं आहे त्यावर ठरते. इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना बांधलेलं. ताऱ्यांचं वर्ष त्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं. ती मिनिटं साठत जातात आणि साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढं सरकते. म्हणून विसावं शतक बरंचसं १४ जानेवारीत गेलं, आता मधूनच १५ येते, आणि १८६३ ला १२ होती. त्याच चालीनं आणखी शंभर वर्षं मागं जा. १७६१ ला ती १० जानेवारीच्या आसपास पडते. पानिपतची लढाई १४ जानेवारीलाच, बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला झाली. म्हणजे संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते.

आज १४ तारखेला संक्रांत, म्हणून तेव्हाही १४ लाच, या एका गृहीतावर ती अख्खी गोष्ट उभी आहे. ‘ऐन संक्रांतीला पानिपत’ हे वाक्य त्या लढाईतून वाचून आलेल्या माणसाच्या तोंडून येणंच शक्य नव्हतं. ते सुचायला भिंतीवर १४ जानेवारीची संक्रांत असलेलं कॅलेंडर लागतं.

“मग संक्रांत वाईट का?” मी विचारलं.

आजोबांनी तेव्हा कुठं सुतळी सोडली. पंचांगात संक्रांतीचं वर्णन असतं: वाहन काय, उपवाहन काय, वस्त्र कोणत्या रंगाचं, हातात काय, कुठून आली, कुठं चालली, कुठल्या दिशेला बघते. जिकडं बघते तिकडच्या लोकांना पीडा, जे ल्यायली ते महाग. अजूनही दरवर्षी ‘यंदा पिवळं नेसायचं नाही’ अशी कुजबुज बायकांत होतेच, ती इथून. दुसरा दिवस किंक्रांत, तो करिदिन. म्हणजे संक्रांत अंगावर यायला पानिपत लागतच नव्हतं. ती पंचांगात वाघा-घोड्यावर बसून वर्षानुवर्षं येतच होती. वाक्प्रचाराची ही मुळं मला जास्त पटतात.

पानिपतानं मराठीला दुसरं दिलंय, आणि त्यात वाद नाही. ‘पानिपत होणे’ आहे. ‘विश्वास पानिपतात गेला’ आहे; नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव तिथंच पडला, त्यावरचा हा कडवट श्लेष. घटना, माणूस, शब्द, तिन्ही जागेवर.

तर पायरी अशी: गोष्टीत तारीख, सण, वार किंवा ग्रहण आलं की पंचांग उघडायचं. आता मोबाइलवर कुठल्याही सालचं मिळतं. फक्त जुन्या तिथीला आजची तारीख चिकटवायची नाही.

जागेवर जाऊन बघा

पन्हाळा कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर. तिथं पाहुणे घेऊन गेलं की कुणीतरी सांगतंच: ‘कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली’ ही म्हण इथली. भोज राजा गड बांधत होता, तट उभा राहीना, रात्रीत ढासळायचा. बळी हवा असं निघालं आणि गंगू नावाच्या तेलिणीनं तो दिला. कुणी म्हणतं स्वतःचा, कुणी म्हणतं तान्ह्या मुलाचा. कुणाच्या गोष्टीत गंगू बाई असते, कुणाच्या गोष्टीत बाप्या. ही रूपंही कार्डावर घ्या.

दुसरा दावा उत्तरेकडचा. भोज म्हणजे धारचा परमार भोज, गंगू म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी गांगेयदेव आणि तेली म्हणजे चालुक्य तैलप. दोघं मिळून भोजाशी लढले, हरले, आणि त्यांची टर उडवणारी म्हण झाली.

दुसऱ्याला आधी हात घालू, तो लवकर पडतो. तैलप ९९७ ला वारला. भोज गादीवर आला १०१० च्या सुमाराला. मेलेला तैलप भोजाशी लढायला येणार कसा? म्हणीत ‘गंगू तेली’ हा एक माणूस आहे आणि त्याचे दोन राजे करायला लागतात, हेही मला सुरुवातीपासून खटकत होतं. नाव फोडून दोन माणसं काढणारा उगम दिसला की सावध व्हावं.

पन्हाळ्याचा दावा तसा मजबूत वाटतो. इथं खरंच भोज होता: शिलाहार घराण्यातला दुसरा भोज, बाराव्या शतकाच्या शेवटी. पन्हाळा त्याचा, आणि तेराव्याच्या सुरुवातीला यादव सिंघणानं त्याला हरवलं. राजा आहे, गड आहे, तट आहे. मलाही ही म्हण आपल्या जिल्ह्यात ठेवायला आवडली असती. पण दोन गोष्टी आड येतात.

एक, बळी देऊन बांधकाम उभं राहतं ही गोष्ट एकट्या पन्हाळ्याची नाही. कानडी मुलखात तळ्याला पाणी लागावं म्हणून धाकटी सून भागीरथी हिचा बळी दिल्याचं लोकगीत प्रसिद्ध आहे. गडागडांवर, धरणाधरणांवर अशा कथा सांगतात. जिथं ढासळणारी भिंत, तिथं ही कथा.

दुसरी गोष्ट मला एका तेल-घाणीवाल्या मित्रानं लक्षात आणून दिली आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. तो म्हणाला, “म्हण पन्हाळ्याची असंल, तर आपण ती हिंदीत का म्हणतो?” खरंच की. वाडी रत्नागिरीचा माणूस असो की शिवाजी पेठेतला, ‘कहाँ राजा भोज’च म्हणतो. ‘कुठे राजा भोज’ क्वचित, आणि तेही भाषांतर केल्यासारखं. पन्हाळ्याच्या तटाखाली जन्मलेली म्हण मराठीत हवी, निदान तिचं जुनं मराठी रूप कुठं तरी उरायला हवं. आणि हाच अर्थ सांगणारी आपली स्वतःची म्हण आहेच, ती वरची ऐरावत आणि शामभटाच्या तट्टाणीची. म्हणजे म्हण उत्तरेकडून आयती आली आणि इथं भोज सापडला म्हणून गंगूही इथंच राहायला आली, असा माझा कयास.

शिवाय म्हणीचा अर्थ बघा. म्हण गंगूला हिणवते, पन्हाळ्याची गोष्ट तिला वंदन करायला लावते. ज्या बाईनं गडासाठी जीव दिला तिचं नाव घेऊन तिच्याच गावचे लोक ‘कुठं राजा आणि कुठं तू’ असं म्हणतील? गोष्ट आणि अर्थ एकमेकांकडं पाठ करून उभे असतील, तर गोष्ट मागाहून आलेली असते.

दुरुस्तवाल्यांपासून सावध

एक वेगळी जात आहे: ‘मूळ शब्द हा नव्हताच’ वाली. ‘धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटचा’ यात कुत्रा नाही, ‘कुतका’ आहे, म्हणजे कपडे बडवायचं लाकूड, असा संदेश वर्षातून दोनदा तरी येतो. आता कुतका रोज घरून घाटावर जातो आणि परत येतो, तो तर घरचाही आणि घाटचाही! मग सांगतात की धोबी तो वाटेतच लपवून ठेवायचा. एक शब्द दुरुस्त करायला आणखी एक गोष्ट जोडावी लागली. पंचगंगेच्या घाटावर सकाळी जाऊन बसलात तर घर आणि घाट यांच्या मध्ये घुटमळणारं कुत्रं तुम्हाला दिसेल. चालू शब्दानं अर्थ नीट लागत असेल तर त्याला हात लावायचा नाही, हा मुद्रितशोधनाचा नियम इथंही चालतो.

माणसाला विचारताना तोंडात घास भरवू नका

माझी दुसरी चूक इथली. एका निवृत्त शिक्षकांना मी विचारलं, “गंगू तेलीची म्हण पन्हाळ्याचीच ना?” ते म्हणाले, “अर्थात.” दोन आठवड्यांनी तेच मला, मीच सांगितलेले तपशील वर फोडणी घालून ऐकवत होते. पुरावा म्हणून मी माझाच आवाज गोळा केला होता.

त्यामुळं उगम विचारायचाच नाही. वापर विचारायचा. कपिलतीर्थ मंडईत एका भाजीवाल्या मावशींना मी म्हटलं, “मावशी, ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ कुणाला म्हणता?”

“कुणाला म्हंजे? जावंला म्हणतो की.” मेथीची जुडी सोडवत त्या म्हणाल्या. “पर आमच्यात कथलाचा न्हाई म्हणत, काचंचा म्हणत्यात.”

“आणि कथील म्हणजे?”

“भांड्याला कल्हई लावत्यात ते न्हवं? आता कल्हईवालाच येत न्हाई. म्हणून काच झालं असंल.”

कथील घरातून गेलं तसं म्हणीतूनही निघालं, हे मावशींनी जुडीवरचा दोरा तोडता तोडता सांगून टाकलं. मी ‘ही म्हण कुठून आली’ विचारलं असतं तर त्यांनी हसून मेथीचा भाव सांगितला असता.

आणि ‘आमच्याकडंच पहिल्यांदा’ या साक्षीला फार किंमत देऊ नका. ‘आमचं ठरलंय’ कोल्हापुरात २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत गाजलं, म्हणजे कालपरवाची गोष्ट. तरी माझ्या ओळखीत तिघं जण आहेत, तीन वेगवेगळ्या तालमींतले, आणि प्रत्येकाला ते पहिल्यांदा आपल्याच कट्ट्यावर निघालं याची खात्री आहे. ही कालची कथा, तर अडीचशे वर्षांपूर्वीची साक्ष कशी असेल?

निकाल कसा लिहायचा

कार्डाच्या मागं मी चारांपैकी एक शेरा लिहितो: पक्का, बहुधा, नुसती गोष्ट, किंवा चूक. ‘नुसती गोष्ट’ हा शेरा शिवी नाही. पन्हाळ्याची गंगू म्हणीचा उगम नसली तरी पन्हाळ्याची कथा आहेच, आणि ती कोण कशी सांगतं हे टिपून ठेवण्याजोगं आहे. फक्त तिला उगमाच्या खणात ठेवायचं नाही.

शेऱ्याखाली एकच ओळ, पुरावा कुठं अडतो ती. नमुना म्हणून माझी दोन कार्डं देतो.

‘संक्रांत कोसळणे: पानिपतचा उगम चूक. १७६१ ला संक्रांत १० जानेवारीच्या सुमाराला, लढाई १४ ला. पंचांगातल्या संक्रांतफलावरून, बहुधा.’

‘दुष्काळात तेरावा महिना: पक्का. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, दरसाल अकरा दिवस मागं पडतं, म्हणून साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना. वर्षाचं धान्य बारा महिन्यांच्या हिशेबानं भरलेलं, खाणं तेरा महिने.’

दुसरं कार्ड इतकं सरळ आहे की त्यावर कुणी भांडायलाही येत नाही. अशी कार्डंही करावीत, हात बसतो.

पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेत जानेवारीच्या पानामागं आम्ही दुरुस्ती छापली. पहिली प्रत मीच आजोबांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा पुसला, दुरुस्ती वाचली, काही बोलले नाहीत. मग पानं उलटत ऑगस्टपर्यंत गेले आणि बोट ठेवून म्हणाले, “हितं हे ‘ध चा मा’ लिवलंय. त्यो कागद कुठं बगितलासा?”